पिक्चर पहिलेच सांगू नको

थेटराची जमीन अजून उतरती आहे. खुर्च्या काढून नेल्या, पंखे काढून नेले, भिंतीवरचे दिवे नेले. उतार कोण काढून नेणार? आता तिथे साड्यांची पार्सलं असतात. ती घसरू नयेत म्हणून प्रत्येक थप्पीपुढे विटा लावल्यात. समोरच्या भिंतीवर पडद्याचा चौकोन बाकी भिंतीपेक्षा पांढरा राहिलाय. तेवढ्यावर कोणी रंग मारला नाही. मारायचं कारण नसेल.

मी आणि माझा जुना सोबती हिरामण सुरतेतल्या पर्वत पाटिया भागात त्याच्या नातीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला गेलो होतो. व्यापारी म्हणाला, माल दुकानात थोडाच आहे, गोदामात चला, तिथे बसून निवडा. रिक्षाने घेऊन गेला. बाहेरून मी जागा ओळखली नाही, पत्रे ठोकलेत. आत पाय टाकला आणि पाय पुढे पळाला. तेव्हा कळलं.

हिरामण पार्सलांमधून वाट काढत मधोमध जाऊन उभा राहिला. म्हणाला, "भो, आठेच बठेल व्हतू मी. तू तठे, कोपराले. पुरा जनममा एकच पिक्चर देखीसन मी रडनू, ते आठे."

मी म्हटलं, "माहीत आहे कोणतं."

तो म्हणाला, "तू रडना नही."

 नवीन कापडाचा वास येत होता. खळीचा, प्लास्टिकचा. पूर्वी इथे फिनेल, बिडी आणि नारळाच्या काथ्याचा वास असायचा. खुर्चीचं रेक्झिन फाटलं की आतला काथ्या टोचायचा. मांडीला त्याच्या रेघा उठायच्या.

मी दुसरीपर्यंत शिकलो. अक्षरं जुळवता येतात, सही येते, दुकानाची पाटी वाचता येते. हे लिहिलंय तेही मीच. सुनेने काना-मात्रा सरळ केल्या, शब्द तिचे नाहीत. लहानपणी खानदेशातून सुरतेला आलो आणि डिंडोलीत राहिलो. मागाच्या खात्यात उभं राहून वय काढलं. खातं म्हणजे मागांची शेड. आत एवढा आवाज की बोलणं ऐकू येत नाही, समोरच्याचे ओठ बघून समजायचं. घरी आलं तरी माग कानात चालूच. आजही चालू आहेत. रात्री उशीला कान लावला की धोटा इकडून तिकडे जातो.

म्हणून पिक्चर मला डोळ्यांनीच बघायची सवय. बोलणं अर्धं कळायचं, अर्धं नाही. मला त्याची लाज नव्हती. मी म्हणायचो, जे दिसतं ते खरं.

पण आमच्या लाइनीत, म्हणजे खोल्यांच्या रांगेत, बघण्याआधी ऐकायची रीत होती.

लाइनीच्या तोंडाशी, म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेसमोर मास्तरांचं घर. मास्तर त्याच शाळेत शिकवायचे. त्यांच्या ओट्यावर दोन कपाटं होती, तीच आमची लायब्ररी. भुसावळ पॅसेंजरने कोणीतरी त्यांच्यासाठी मराठी पेपर घेऊन यायचं. एक दिवस शिळा, कधी दोन. सुट्टीच्या दिवशी सकाळी चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, मास्तर पिक्चरचं परीक्षण मोठ्याने वाचायचे. मोठ्याने म्हणजे खात्यात ओरडतात तसं. ऐकणारे सगळे मागवाले.

मराठी पिक्चर सुरतेला उशिरा यायचं. परीक्षण यायचं पावसाळ्यात आणि पिक्चर यायचं थंडीत, लोक पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, खायला लागले की. तेही फक्त रविवारी सकाळचा शो. कित्येक पिक्चर आलेच नाहीत. पण आमच्या लारीवर प्रत्येकाचा निकाल लागलेला असायचा. हिरो चांगला, गाणी बेकार, शेवट ओढून ताणून. न बघितलेल्या पिक्चरवरून माणसं भांडायची, अबोला धरायची. कानबाई देवीच्या रात्री सगळी लाइन एकत्र जागायची, तेव्हासुद्धा दोघं जण तोंड फिरवून बसले होते, का तर एक म्हणे ती हिरॉइन नाचात कमी आहे. दोघांनीही तिला बघितलेली नव्हती.

एकदा काय झालं, पेपर आला तो अर्धा. गाडीत कोणीतरी खालच्या अर्ध्यात भजी बांधून नेली असतील. वरच्या अर्ध्यात नुसती स्तुती होती. मास्तरांनी वाचली. लाइनीने डोक्यावर घेतली. पिक्चर आलं तेव्हा सगळे नवीन कपडे घालून गेले, बाहेर आल्यावर एकमेकांच्या पाठी थोपटल्या, जणू आपणच बनवलं. पुढे मास्तरांच्या पाहुण्याने तो पेपर पुरा आणून दिला. खालचा अर्धा भाग सुरू होत होता 'मात्र' या शब्दाने. मास्तरांनी तोही वाचला.  मग हिरामण म्हणाला, "माले बी मधमा थोडं लांबटच वाटेल व्हतं." मग दुसऱ्याला वाटलं होतं, तिसऱ्याला वाटलं होतं. चहा संपेपर्यंत पिक्चर पडलं.

मी एकटा म्हणालो, मला आवडलं होतं, आताही आवडतं.

हिरामण म्हणाला, "तुले काय, तुले पंखा फिरताना दिखना तरी आवडस."

हसले सगळे. हसू दे. त्यानंतर मास्तर पेपर उघडायला लागले की मी उठून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहायचो. माझे डोळे मी कोणाला भाड्याने देणार नाही, असं मी सांगून टाकलं होतं. घरीही तोच कायदा. कोकिळा, माझी बायको, काही सांगायला लागली की मी हात वर करायचो. "माले पहिलेच सांगू नको."

कोकिळा सातवी शिकलेली. तिच्या माहेरी सगळे शिकलेले. मास्तरांच्या ओट्यावरची दोन्ही कपाटं तिने वाचली होती. आमच्या मागाच्या पाळ्या असत, तशा तिच्या पुस्तकांच्या. स्टोव्हला पंप मारताना पुस्तक, गहू निवडताना पुस्तक. पानावर पिठाचा अंगठा उमटायचा. मास्तर कधी रागावले नाहीत. दुपारी लाइनीतल्या बाया तिच्या दारात बसायच्या, कुणी साड्यांना टिकल्या लावायची, कुणी लेस, आणि कोकिळा वाचून दाखवायची. साडीवरचा डिंक आणि तिचा आवाज. मी दिवसपाळीला असायचो. रात्रपाळी असली तर आत झोपलेला. झोपेत तिचा आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. माग सगळं खाऊन टाकायचे.

बेबी आमची पहिली मुलगी. समोरच्या त्याच मराठी शाळेत चौथीत होती. तिच्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. गेली ती पाऊस संपताना गेली. पतंगाच्या दिवसांत गच्चीवर सगळे ओरडत होते, आमच्या घरावर एक कटलेला पतंग येऊन पडला, तो तसाच पडून राहिला. संक्रांत झाली, होळी झाली. पतंगाचा कागद गेला, काड्या राहिल्या.

त्या वर्षी कोकिळा सकाळी दोन डबे भरायची. एक माझा, एक छोटा, स्टीलचा, वर कडी असलेला. माझा मी घेऊन जायचो. छोटा तिथेच स्वयंपाकाच्या ओट्यावर असायचा. संध्याकाळी आलो की तो घासून पालथा ठेवलेला. त्यातली भाजी कोण खातं हे मी विचारलं नाही. दुपारी ती पिशवी घेऊन मास्तरांच्या लायब्ररीत जाते हे मला शेजारच्यांनी सांगितलं होतं. जाऊ दे म्हटलं. जिथे मन लागतं तिथे जाऊ दे.

एक पुस्तक तिने परत केलंच नाही. म्हणजे करायची आणि तेच पुन्हा आणायची. जाड, पुठ्ठा सुटलेला, दोऱ्याने बांधलेला. त्यात एक आई होती आणि तिची मुलगी गेलेली होती, एवढं मला न विचारता कळलं, कारण बाया ऐकताना दारातून आत बघायच्या नाहीत. मी बाहेर आलो की वाचणं थांबायचं.

त्या पुस्तकावर पिक्चर निघालं. परीक्षण आलं, नेहमीसारखं पिक्चरच्या कितीतरी आधी. मास्तरांनी लारीवर वाचलं, मी पलीकडे उभा. पण मागवाल्यांच्या गप्पा रस्ता ओलांडून येतात. कादंबरीची उंची पडद्यावर आलेली नाही, असं लिहिलं होतं. शेवटचा प्रसंग मात्र हेलावून टाकतो. आठवडाभर सगळ्यांच्या तोंडी उंची. हिरामण म्हणाला, "कितली उंची पाहिजे? पडदा त दोन माळाना शे." मास्तर म्हणाले, "हिरामण, तू गप ऱ्हा." पण ठरलं ते ठरलं. उंची नाही, शेवटी रडायचं.

कोकिळाने माझ्याजवळ एकदाच विषय काढला. मी जेवत होतो. ती म्हणाली, "तुम्ही वाचत नहीत. वाचाले सांगत नही मी. पन हाई पिक्चर उनं ना, तर मन्हासंगे चला."

मी म्हटलं, "येईन. पण पहिलेच काही सांगू नको."

"नही सांगत. एक जागा शे त्यामा. ती उनी का मी तुमना हात धरसू. तवय डोया उघडा ठेवा. बस."

मी रात्रपाळी करून पिक्चरला जायचो तेव्हा मध्येच झोपायचो, म्हणून असं म्हणाली. मी मान हलवली. तिने आणखी एक भाकरी वाढली, मी नको म्हटलं नाही.

पिक्चर यायला बरेच महिने लागले. तेवढे दिवस ती वाट बघत होती, हे मला दिसत होतं. येणार का नाही येणार, कोणाला माहीत नव्हतं. ती रविवारी मास्तरांच्या घरी जाऊन विचारून यायची. एकदा थेटरापर्यंत चालत गेली, पोस्टर बघून आली, वेगळंच हिंदी लागलं होतं. तिचं खाणं कमी झालं होतं. पण विचारून आली की जेवायची. मग थंडी पडली, लारीवाल्यांनी पोंकाच्या शेजारी लिंबू-मिरीची शेव मांडली, आणि पोस्टर लागलं.

सगळी लाइन गेली. बाया पुढे, आम्ही मागे, पण कोकिळा माझ्याजवळ बसली, कोपऱ्यात. लोकांनी बघितलं, बोलले नाहीत. तिने पातळ नेसलं होतं ते बेबी असतानाचं. दिवे गेले. मी शपथेवर सांगतो, मी झोपलो नाही. पापणी मिटली नाही. पडद्यावर गाव होतं, नदी होती, ती बाई होती, चांगली होती, मला वाटलं होतं त्यापेक्षा म्हातारी. इंटरवलला कोणी उठलं ते उठलं, आम्ही बसून राहिलो. मी शेंगदाणे आणू का विचारलं. ती नाही म्हणाली.

इंटरवलनंतर थोड्या वेळाने तिने माझा हात धरला.

मी डोळे उघडे ठेवले. पडद्यावर एक बैलगाडी गेली. मग बाजार. मग दोन माणसं जमिनीवरून भांडली. मग ती बाई दळण दळत होती. मी प्रत्येक गोष्ट नीट बघितली, हीच जागा असेल, हीच असेल. हात तसाच होता. गरम होता, मग घामाचा झाला, मग थंड झाला. पडद्यावर गाणं झालं. हात सुटला नाही. शेवटचा प्रसंग आला, आजूबाजूला सगळे रडायला लागले, ठरल्याप्रमाणे. नाकं शिंकरली. दिवे लागले तेव्हा तिने हात काढून घेतला आणि पदर सारखा केला.

बाहेर ऊन होतं. शो सकाळचा असला की बाहेर आल्यावर असं ऊन असतं की आपण काही केलंय असं वाटतं. आम्ही डिंडोलीपर्यंत चालत आलो. रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी जात होती, लांबच लांब. तेव्हा ती म्हणाली, "कापी टाकं त्यास्नी."

मी म्हटलं, "काय कापलं?"

ती गाडीकडे बघत राहिली. म्हणाली, "पहिले सांगेल तुमले चालत नव्हतं. आते ते शेच नही, तर काय सांगू?"

फाटक उघडलं. सायकली निघाल्या. आम्हीही निघालो. पुढे बाया मोठ्याने बोलत होत्या, काय सीन होता, काय सीन होता. मी समजलो शेवटचा.

विचारायचं होतं का मला? मी तेव्हाही विचारलं नाही, नंतरही नाही. माणसाने एकदा नियम केला की तो स्वतःच्या सोयीने मोडायचा नसतो, असं मी मानतो. तिनेही सांगितलं नाही. आम्ही दोघंही एकाच गावचे. ते पुस्तक दुसऱ्या दिवशी तिने मास्तरांना परत केलं, ते पुन्हा आणलं नाही. छोटा डबा वरच्या फळीवर गेला. पुढे मुलगा झाला, त्याला शाळेत प्लास्टिकचा डबा लागायचा. मास्तर रिटायर होऊन धुळ्याला गेले, कपाटं कोणी नेली कळलं नाही. लारी गेली. पेपर आता कोणी वाचून दाखवत नाही. नातवंडं पिक्चर बघण्याआधी मोबाइलवर बघतात, लोकांनी किती तारे दिले. मग ठरवतात. 

कोकिळा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ती गेली तेव्हा मी खात्यात नव्हतो, घरीच होतो, तिच्या शेजारी. तेवढं बरं झालं.

गोदामात व्यापाऱ्याने साड्या पसरल्या. हिरामणच्या सुनेने फोनवर फोटो मागितले होते, तो फोटो काढत होता आणि बोलत होता. त्याचं बोलणं मला अर्धंच ऐकू येतं, म्हणून मी त्याच्या ओठांकडे बघत होतो.

"तो डबाना सीन," तो म्हणाला. "आजबी डोयासमोर शे."

मी म्हटलं, "कोणता डबा?"

"अरे, ती बाई नही का, शाळाना समोर बठस. डबा लिसन. पोर त गई, पन ती रोज डबा लई जास." त्याने साडी खाली ठेवली. "देखेल नही तू? कोपराले त बठेल व्हता."

मी त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघितलं. म्हटलं, "नव्हतं ते पिक्चरमध्ये."

"व्हतं ना भो!"

"नव्हतं. बैलगाडी होती, बाजार होता, भांडण होतं, दळण होतं. डबा नव्हता."

तो हसला. "तू तवयबी असाच. पुरी लाइनले विचार. मन्ही बायकोले विचार. ती त आजबी सांगस, ती बाई कशी बठनी, कसा पदर लिधा. त्या सीनमा मन्हा डोयास्ले पाणी उनं. शेवटना टाइमले नही, तवय." मग म्हणाला, "कोकिळाबाईनी वाचेल व्हतं ना बायास्ले. मन्ही बायकोनी माले सांगेल. दिवाळीना पहिलेपासून मी तो सीन देखत व्हतू."

व्यापारी गुजरातीत विचारत होता, लाल बतावुं के लीलो, लाल दाखवू का हिरवा? हिरामणने त्याला हाताने थांबवलं.

डबा नव्हता. हे मी आजही सांगेन, कोर्टात सांगेन. सगळ्या थेटरात एकटाच मी होतो ज्याने ते पिक्चर जसं होतं तसं बघितलं. बाकी सगळ्यांनी तिचं बघितलं. पुढच्या रांगेतल्या बायांनी, मधोमध बसलेल्या हिरामणने. तिचा हात होता माझ्या हातात.

ते पुस्तकात होतं का, हेही मला माहीत नाही. पुस्तक आता कुठे मिळायचं? बाया टिकल्या लावत असत, कोकिळा पानाकडे बघून बोलत असे. पानावर काय होतं ते तिलाच ठाऊक. मास्तरांच्या ओट्यावरून शाळेचं फाटक समोर दिसायचं. पायरीवर बसलं की अगदी समोर.

मी एका पार्सलावर बसलो. हिरामण घाबरला. "काय व्हयनं? पाणी पेस का?"

मी म्हटलं, "काही नाही. बस तू."

तो विटांचा अंदाज घेत माझ्याजवळ बसला. समोर चौकोन होता. उतारामुळे आम्ही दोघं थोडे पुढे झुकलेले, पूर्वी बसायचो तसे.

मी म्हटलं, "सांग."

"काय?"

"पिक्चर. ती डबा घेऊन बसते. मंग?"

हिरामणने माझ्याकडे बघितलं. आयुष्यात त्याने मला कधी पिक्चर सांगितलं नव्हतं. त्याने घसा साफ केला आणि खात्यात बोलायचो तसं, माझ्याकडे तोंड करून, ओठ नीट हलवत बोलायला लागला.

"मंग घंटा व्हस," तो म्हणाला. "पोरं निंघतस. सगळा. ती एकेकना तोंडले देखस. फाटक बंद व्हस. मंग ती डबानी कडी काढस, आनि तठेच बठीसन, एकलीच, हळूहळू जेवस."

"सगळं?"

"सगळं. डबा पुसीसन लेस."

मी डोळे उघडे ठेवले.